जुन्या गोव्याचं फेस्त: पहिल्यांदा जाताय तर काय काय, कसं कसं करायचं

नोव्हेंबर उजाडला की मला पाच-सहा जणांचे तरी फोन येतात. ओल्ड गोव्याच्या फेस्ताला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या वार्षिक उत्सवाला, यायचंय, कधी येऊ, कुठं उतरू, आम्ही हिंदू आहोत तर आत सोडतात का, पोरांना आणलं तर चालेल का. दरवर्षी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू. मी सावंतवाडीकडचा. आम्ही ख्रिश्चन नाही पण शेजारच्या मावशी ख्रिश्चन, आणि त्यांच्या नादाने आमचं घर वीसेक वर्षं या फेस्ताला जातंय, त्यामुळे बाहेरच्या माणसाला तिथं गेल्यावर कुठं कुठं अडखळायला होतं ते मला चांगलं माहितीय कारण मी सगळीकडे अडखळून झालोय.

आधी तारखांचं बघू

मुख्य दिवस ३ डिसेंबर. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ साली ३ डिसेंबरलाच चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर वारले, म्हणजे आपल्या भाषेत पुण्यतिथीच म्हणा. त्याच्या आधी नऊ दिवस नोव्हेना, २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आपल्याकडे नवरात्र बसतं तसंच काहीसं, रोज पहाटेपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक मिस्सा, म्हणजे फादर चालवतात ती चर्चमधली सामूहिक प्रार्थना, चालू असतात, आणि रोजच्या प्रवचनाला वेगळा विषय असतो. ३ डिसेंबरला गोव्यात सरकारी सुट्टी असते, महाराष्ट्रात नसते, त्यामुळे रजा टाकायची असेल तर आधीच टाकून ठेवा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ कशाचा होतो तर शवदर्शनाचा. लोकांनी टीव्हीवर बघितलेलं असतं की काचेच्या पेटीत संताचं शरीर ठेवलंय आणि किलोमीटरभर लाइन लागलीय, आणि तेच दरवर्षी असतं असं समजून येतात. तसं नाहीये. ते दहा वर्षांतून एकदा. शेवटचं झालं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५, त्यावेळी शरीर बॉम जेझूस बॅसिलिकातून, म्हणजे ते एरवी जिथं असतं त्या चर्चमधून, उतरवून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये ठेवलं होतं. दहा वर्षांचा हिशोब धरला तर पुढचं २०३४ ला. मधल्या वर्षांत फेस्त होतंच, तेवढ्याच भक्तीने होतं, फक्त शरीर आपल्या नेहमीच्या जागी वर उंचावर चांदीच्या पेटीत असतं आणि आपण खालून बघायचं. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा हां, नाहीतर तिथं गेल्यावर फार हिरमोड होतो, मी एक आजोबा रडताना बघितलेत.

कोण होते हे, थोडक्यात

गोव्यात गेल्यावर लोक त्यांना फ्रान्सिस झेवियर कमी आणि ‘गोंयचो सायब’ जास्त म्हणतात, म्हणजे गोव्याचा साहेब, मालक. जन्म १५०६ चा, स्पेनमधल्या नवारा प्रांतातला. इग्नेशियस लोयोला आणि इतर सोबत्यांबरोबर त्यांनी येशूसंघ उभा केला, जेझुइट म्हणतात तो. ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले, पण एका जागी काही बसले नाहीत, दक्षिणेच्या किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या कोळ्यांमध्ये, मलाक्का, मोलुका बेटं, जपान, असे दहा वर्षं फिरत राहिले आणि चीनच्या दारात जाऊन गेले. तिथं पुरताना लवकर विघटन व्हावं म्हणून चुना घातला होता, तरी काही महिन्यांनी उकरलं तेव्हा शरीर तसंच होतं असं सांगतात. मग ते आधी मलाक्काला आणि तिथून मार्च १५५४ मध्ये गोव्याला आणलं. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्याकडून जाणाऱ्यांच्या मनात ती असतेच. याच झेवियर साहेबांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणायला सांगितलं होतं, ते आलं १५६० मध्ये, म्हणजे ते गेल्यावर आठ वर्षांनी, आणि त्याने गोव्यातल्या लोकांना काय सोसावं लागलं हा मोठा आणि दुखरा इतिहास आहे. तो माहीत करून घ्या, त्यावर भरपूर वाचायला मिळतं. मला स्वतःला दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरूनच तिथं जावं लागतं आणि मी जातो. पण मेणबत्ती घेऊन लाइनीत उभ्या असलेल्या माणसाशी त्यावरून वाद घालायला जाऊ नका, तो तिथं त्याच्या पोराच्या आजारपणासाठी आलेला असतो.

कुठला दिवस धरायचा

माझं स्पष्ट मत आहे, पहिल्यांदा जाणाऱ्याने ३ तारखेला जाऊ नये. नोव्हेनाचा मधला एखादा दिवस धरावा, सोमवार ते गुरुवारमधला, आणि पहाटेची नाहीतर सकाळची लवकरची एक मिस्सा पूर्ण बसून ऐकावी. पूर्ण म्हणजे पूर्ण. बहुतेक नवीन लोक काय करतात, येतात, चर्चमध्ये एक चक्कर मारतात, फोटो काढतात, खाजं घेतात आणि परत, मग म्हणतात त्यात काय एवढं, आमच्या जत्रेसारखीच जत्रा. अहो फेस्त बाहेरच्या दुकानांत नाहीच, ते मिस्सेच्या मांडवात आहे, हजारो माणसं एकत्र गायला लागतात ना तेव्हा अंगावर काटा येतो, कोकणी कळो न कळो.

नोव्हेनाच्या साध्या दिवशी बसायला जागा मिळते, बॅसिलिकात आत शांतपणे जाता येतं, गाडी लावता येते. शनिवार-रविवार आला की गर्दी दुप्पट. २ तारखेची संध्याकाळ आणि ३ तारीख म्हणजे तर विचारूच नका, त्या रात्री गोव्याच्या कुठल्या कुठल्या गावांतून लोक चालत येतात, आमच्या सिंधुदुर्गातून येतात, बेळगाव-कारवारकडचे जथे तर कित्येक दिवस आधी निघालेले असतात, पायाला फडकी गुंडाळलेली, डोक्यावर गाठोडं, पुढे एकाच्या हातात क्रूस. ते बघायचं असेल, आणि एकदा बघावंच, तर दुसऱ्या वर्षी ३ तारखेला या, तोपर्यंत तुम्हाला जागा माहीत झालेली असेल.

३ तारखेची मुख्य मिस्सा सकाळी साधारण साडेदहाला, बॅसिलिकाच्या आवारातल्या मोठ्या मांडवात. गोव्याचे आर्चबिशप आणि बाकी बिशप, फादर लोक मिरवणुकीने येतात. बाकी सगळ्या मिस्सांचं टाइमटेबल दरवर्षी आधी जाहीर होतं, पेपरात येतं, त्यात कुठली मिस्सा कुठल्या भाषेत तेही लिहिलेलं असतं, ते बघूनच निघा. बहुतेक कोकणीतच असतात. मराठी माणसाला अर्धी-पाऊण तरी कळते.

जायचं कसं

मुंबई-पुण्याकडून ट्रेनने येणार असाल तर मडगावचं तिकीट काढू नका, करमळी स्टेशन बघा, कोकण रेल्वेचंच आहे आणि जुन्या गोव्याला सगळ्यात जवळ. कोकणकन्या आणि मांडवी दोन्ही थांबतात. स्टेशनवरून रिक्षा नाहीतर पायलट मिळतो. पायलट म्हणजे गोव्यातली मोटरसायकल टॅक्सी, एकट्या माणसाला एकदम बेस्ट, गर्दीतून बरोबर काढतो. सामान कमी असेल तर चालतही जाता येतं. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच हलायला हवं. कोकणकन्या सकाळी गोव्यात पोचते खरी पण त्याच दिवशीच्या साडेदहाच्या मिस्सेच्या भरवशावर बसू नका, गाडी लेट झाली की संपलं, आदल्या दिवशीच येऊन राहा. विमानाने आलात तर मोपा आणि दाबोळी असे दोन विमानतळ आहेत, तिकिटावर कुठला लिहिलाय ते नीट बघा, दोन्ही एकमेकांपासून बरेच लांब आहेत.

बसने यायचं तर पणजीच्या कदंबा स्टँडवर या, तिथून जुनं गोवा नऊ-दहा किलोमीटर, फेस्ताच्या दिवसांत बस सारख्या सुटत असतात. आमच्याकडून, म्हणजे सावंतवाडी-बांद्याकडून, पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी करत पणजी साठेक किलोमीटर. पणजीहून जुन्या गोव्याला दोन रस्ते, एक मांडवी नदीच्या कडेकडेने रायबंदरवरून जाणारा जुना, अरुंद पण फार सुंदर, आणि दुसरा वरचा कदंब बायपास. स्वतःची गाडी असेल तर बायपासने जा. रायबंदरचा रस्ता बसमधून खिडकीत बसून बघायला ठेवा, सुरुवातीला जो दगडी बांध लागतो ना नदीकाठी, तो सतराव्या शतकातला आहे, अजून त्यावरून गाड्या धावतायत.

गाडीचं मी सांगतो ते मनावर घ्या. आम्ही पहिल्या वर्षी ३ तारखेलाच गेलो, आईने भावाच्या आजारपणात सायबाला मेणबत्ती बोलली होती, तो बरा झाला म्हणून ती फेडायला. मित्राची गाडी, म्हटलं नऊला पोचू. पोलिसांनी गाड्या लांबच वळवल्या, पार्किंग मिळालं ते कुठं एका शेतात, तिथून चालत चालत पोचलो तर शेवटचा आशीर्वाद चालू होता. आणि मेणबत्ती, घरून आणलेली हातभर लांब चांगली जाड, गाडीच्या पुढच्या काचेखाली उन्हात ठेवलेली, ती मऊ होऊन पार वाकली होती. आईने ती दोन हातांच्या तळव्यात धरून हळूहळू सरळ करायला घेतली, झाली नाही पूर्ण, तशीच वाकडी लावली. आईच्या तोंडावरचं ते बघितल्यापासून मी ३ तारखेला उजाडायच्या आत तिथं असतो. आणि मेणबत्ती गाडीत ठेवायची झाली तर ओल्या फडक्यात गुंडाळून सीटखाली.

कपडे आणि पिशवी

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बाई-पुरुष दोघांचेही. हाफ पँट, बिनबाह्यांचं घालून बीचवरून थेट येऊ नका, दारावर थांबवतात आणि ते बरोबरच आहे. फेस्ताला स्थानिक लोक नवे कपडे घालून येतात, बायका छान फ्रॉक नाहीतर साडी, पुरुष इस्त्रीचा शर्ट, तुम्हीपण आपल्या सणाला घालाल तसं घाला.

चपला काढायच्या नसतात. हे आपल्या लोकांना फार अवघड जातं, दारात आलो की पाय आपोआप चपलेतून निघतो, पण चर्चमध्ये सगळे चपला घालूनच जातात, काढून ठेवल्यात तर गर्दीत परत मिळायच्या नाहीत.

पहाटे येणार असाल तर शाल घ्या, मांडवी जवळच आहे, धुकं आणि दव असतं, आणि दहानंतर तेच ऊन असं तापतं की डोक्याला टोपी लागते. पाण्याची बाटली, म्हाताऱ्यांसाठी घडीची खुर्ची नाहीतर चटई, सुटे पैसे. अर्पणाला, मेणबत्तीला, खाजाला, सगळीकडे सुटे लागतात, आणि गर्दीत नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत. त्याच कारणासाठी चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आधी ठरवून टाका. आम्ही से कॅथेड्रलच्या दारासमोरची पायरी धरतो, गांधी सर्कल धरू नका, तिथं पोलीस कुणाला उभं राहू देत नाहीत.

पोचल्यावर आधी काय

आधी मेणबत्ती. आवाराबाहेर रांगेने विक्रेते बसलेले असतात, मेणबत्त्या, फुलांच्या माळा, आणि मेणाचे अवयव. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला जरा विचित्र वाटतं, फिकट पिवळ्या मेणाचा हात, पाय, डोकं, तान्हं मूल, कधी छोटंसं घरसुद्धा. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवंय त्याने ते अर्पण करायचं. गोव्यात नवसाला आंगवण म्हणतात. आपल्याकडे देवाला चांदीचे डोळे नाहीतर पाळणा वाहतात, तीच गोष्ट. मेणाचा पाय हातात घेतला की कळतं किती हलका असतो, आतून पोकळ, बोटं मात्र नीट एकेक वेगळी केलेली. तुम्ही कुठल्याही धर्माचे असलात तरी विकणारी बाई काही विचारत नाही, गोव्यातले कितीतरी हिंदू दरवर्षी मेणबत्ती लावतात.

मेणबत्ती पेटवायची ती बाहेर ठरवून दिलेल्या जागेवरच. आत नेऊन वेदीसमोर पेटवायची नाही, आत जुनं सोनेरी लाकूडकाम आहे. लावताना केस, ओढणी, पदर सांभाळा, तिथं शेकडो मेणबत्त्या एकत्र जळत असतात आणि मेण वितळून खाली घसरडं झालेलं असतं. लावून झाली की दोन मिनिटं उभे राहा, नाव घ्या, आणि बाजूला व्हा, मागे लाइन आहे.

मग बॅसिलिकाची लाइन. बॅसिलिकाचं नाव बॉम जेझूस, म्हणजे बाळ येशूचं देऊळ, झेवियरचं चर्च हे आपण म्हणतो. १५९४ ला बांधायला घेतलं, १६०५ ला पुरं झालं, बाहेरून चुन्याचा गिलावा नाही म्हणून लाल जांभा उघडा दिसतो, जुन्या गोव्यातली बाकीची चर्च पांढरी आणि हे एकच असं आपल्या कोकणातल्या चिरेबंदी घरासारखं. आधी गिलावा होता, तो गेल्या शतकात काढला. आत गेल्यावर समोर वेदीवर मोठ्ठा पुतळा दिसतो तो झेवियरचा नव्हे हां, तो इग्नेशियस लोयोला, त्याच्या पायाशी छोटा बाळ येशू. झेवियरची समाधी उजव्या हाताच्या चॅपलमध्ये. खालचा संगमरवरी चबुतरा इटलीतल्या टस्कनीच्या ड्यूकने, तिसऱ्या कोसिमोने, पाठवला, फ्लॉरेन्सच्या फोजिनी नावाच्या शिल्पकाराने केलेला, १६९८ मध्ये इथं बसवला. आणि त्यावरची चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांची, १६३६-३७ मधली, त्यावर संताच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत. मान वर करून बघा, घाई करू नका, त्या कारागिरांची नावं कुणी फारशी घेत नाही, म्हणून मी तिथं गेलो की आधी पेटीकडेच बघतो.

उजवा हात कोपरापासून खाली इथं नाहीये, १६१४ मध्ये रोमला नेला. पोरं विचारतात म्हणून सांगून ठेवतो.

मिस्सेत बसायचं कसं

यालाच सगळे घाबरतात, आणि घाबरण्यासारखं काही नाही. साधारण तासभर, मुख्य मिस्सा जास्त. मागच्या बाजूला नाहीतर कडेला बसा, म्हणजे पुढच्यांचं बघून करता येतं. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकतील तेव्हा तुम्हाला टेकायचे तर टेका, नाहीतर शांत बसून राहा, कुणाला वाईट वाटत नाही. क्रूसाची खूण करायची जबरदस्ती नाही. ‘आमेन’ म्हणावंसं वाटलं तर म्हणा.

आधी गायन, मग बायबलमधली वाचनं, मग शुभवर्तमान, त्याला उभं राहतात, मग फादरचं प्रवचन, गोव्यात शेर्मांव म्हणतात. नंतर अर्पणाची पिशवी फिरते, त्यात काय टाकायचं ते टाका, नाही टाकलंत तरी पुढे द्या. पुढे भाकर आणि द्राक्षरस अर्पण होतो तो मिस्सेचा गाभा, त्यावेळी घंटा वाजते आणि एवढ्या मोठ्या मांडवात अशी शांतता पसरते की लांबच्या मेणबत्तीवाल्यांचा आवाज ऐकू येतो. त्या पाच-दहा मिनिटांत फोन बाहेर काढू नका, बोलू नका, उठून जाऊ नका. मग ‘शांती असो’ म्हणून आजूबाजूला एकमेकांना नमस्कार करतात, अनोळखी माणूस तुमच्याकडे वळून हात जोडेल, तुम्हीपण हसून जोडा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटी लोक लाइन करून पुढे जातात आणि फादर त्यांना गोल पांढरी पातळ चकती देतात. आपल्याला वाटतं प्रसाद वाटतायत, आणि प्रसादाला नाही कसं म्हणायचं म्हणून आपण उठतो. उठू नका. तो कॅथलिकांसाठी साक्षात ख्रिस्ताचं शरीर आहे, बाप्तिस्मा झालेल्या आणि तयारी करून आलेल्या कॅथलिक माणसानेच तो घ्यायचा असतो, त्यांच्यातलेही सगळे घेत नाहीत. मी लहान होतो तेव्हा गावच्या चर्चमध्ये असाच उठलो होतो, मावशींनी शर्टाला धरून खाली बसवलं आणि कानात म्हणाल्या, ‘तू हयच बस, त्या लायनीत येव नको.’ मला वाईट वाटलं तेव्हा. नंतर घरी त्यांनी नीट समजावलं, म्हणाल्या तुमच्या गाभाऱ्यात मी जाते का, मग. तेवढं पुरलं. कुणी चुकून घेतलंच हातात तर खिशात घालू नका, घरी नेऊ नका, फेकू तर नकाच, तिथंच फादरना शांतपणे सांगा आणि परत द्या.

तुम्ही स्वतः कॅथलिक असाल, वसईकडचे वगैरे, तर कन्फेशन आधीच उरकून या, नोव्हेनाच्या दिवसांत त्याला वेगळी लाइन असते आणि ती लांब असते.

फोटोचं काय

बाहेरून हवे तेवढे काढा. आत समाधीसमोर उभं राहून सेल्फी नको, मिस्सा चालू असताना तर आत फोन खिशातच. गुडघ्यावर बसून रडणाऱ्या माणसाचा फोटो काढणारे लोक मी दरवर्षी बघतो आणि मला त्याचा खरंच राग येतो. चालत आलेल्या जथ्यांचा काढायचा असेल तर विचारा, बहुतेक वेळा ते आनंदाने उभे राहतात.

फेरी

आता बाजार, गोव्यात फेरी म्हणतात. कपडे, खेळणी, प्लास्टिकच्या बादल्या, रोजारीच्या माळा, सायबाच्या मूर्ती, सगळं असतं. मी तिथून एकच गोष्ट घेतो, खाजं. आमच्या आंगणेवाडीच्या जत्रेत मिळतं तेच, बेसनाच्या कांड्या गुळाच्या पाकात घोळवलेल्या, वर आल्याचा झणका. घेताना एक तुकडा तोडून बघा, कट्‌ असा आवाज आला पाहिजे, वाकला तर कालचं आहे. ताजं असलं की गुळाचा थर बाहेरून पांढुरका, कोरडा दिसतो, हाताला चिकटत नाही, आणि चावल्यावर आधी गूळ लागतो आणि मग घशाशी आलं चढतं. चणे, लाडूही असतात, चांगले असतात.

खायला पाव आणि रॉस ऑमलेट घ्या, ऑमलेटवर शाकुतीचा गरम रस्सा ओततात, पहाटेच्या मिस्सेनंतर याच्यासारखं काही नाही. शाकाहारी असाल तर भाजी-पाव मिळतोच. चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, सोरपोतेलपण डुकराचंच, तुम्ही खात नसाल तर आधी विचारा, विचारलं की खरं सांगतात.

संध्याकाळी अंधार पडल्यावर फेरीत जास्त मजा असते, पण लहान पोरांना घेऊन असाल तर तोपर्यंत थांबू नका. पोरांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालून ठेवा. टॉयलेट तात्पुरते उभारलेले असतात, सकाळी लवकर बरे असतात, दुपारनंतरचं मी सांगत नाही. गर्दीत गळ्यातलं, पाकीट सांभाळा, सोनं घालून येऊच नका.

वेळ उरला तर

समोर रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल, सेंट कॅथरिनचं, दर्शनी दोन मनोरे होते त्यातला एक १७७६ मध्ये कोसळला तेव्हापासून एकच. त्याच्याच बाजूला असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च आणि पुरातत्त्व खात्याचं म्युझियम, ते शुक्रवारी बंद असतं. हे दुसरे फ्रान्सिस हां, गल्लत करू नका. थोडं खाली नदीकडे चालत गेलात की व्हाइसरॉयची कमान आणि पुढे दिवाडी बेटाला जाणारी फेरीबोट. गर्दीने डोकं दुखायला लागलं की मी बोटीत चढतो, पलीकडे जाऊन तसाच परत येतो, मधे नदीवरून मागे बघितलं की झाडांच्या वर चर्चचे मनोरे तेवढे दिसतात आणि लाउडस्पीकरवरचं गाणं पाण्यावरून हलकं हलकं येतं.

३ तारीख चुकलीच कुणाची, तर ८ डिसेंबरला पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चचं, म्हणजे इमॅक्युलेट कन्सेप्शनचं फेस्त असतं, ते मदर मेरीचं, तिथंही फेरी भरते. पण सायबाच्या मेणबत्तीसाठी मात्र जुन्या गोव्यालाच यायला लागतं. बॅसिलिका वर्षभर उघडी असते, बोललेली मेणबत्ती जानेवारीत लावली तरी चालते असं मावशी म्हणतात.

मावशींना आता गुडघ्यांमुळे जमत नाही. गेली काही वर्षं आदल्या रात्री त्या एक मेणबत्ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे देतात, सोबत एका चिठ्ठीवर नावांची यादी, त्यात आमच्या घरातलीपण असतात. तुमच्याकडेही कुणीतरी अशी देईलच, तुम्ही जाताय हे कळलं की शेजारी, ऑफिसमधले, सगळे देतात. त्या सगळ्या एकत्र मूठ करून पेटवू नका. एकेक वेगळी लावा, लावताना ज्याची त्याचं नाव घ्या, आणि यादी मोठी असली तर चष्मा विसरू नका, पहाटे तिथं मेणबत्त्यांच्याच उजेडात वाचायला लागतं.